गुळवेल, थकवा आणि पोहणारे उंदीर

पीएचडीग्रस्त: काल इथे कोणीतरी ठोकून दिलं, "गुळवेलीच्या पॉलिसॅकराइडने थकवा जातो, प्रयोगशाळेत सिद्ध झालंय, रोज चिमूटभर सत्व घ्या." पॉलिसॅकराइडच्या, म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्यांच्या, याच कामात चार वर्षं घासलीत, म्हणून राहवेना. खोड उकळायचं, गाळून आटवायचं, चौपट अल्कोहोल ओतायचं. सकाळी तळाशी चिकट तपकिरी साका. त्यात पॉलिफेनॉल (झाडातली अँटिऑक्सिडंट रसायनं) आणि प्रथिनं चिकटलेलीच असतात. मग डीपीपीएच या चाचणीच्या रसायनाचा जांभळा रंग उडाला की झालं अँटिऑक्सिडंट! मी साका धुऊन, प्रथिनं काढून, डायलिसिसने (पडद्यातून बारीक रेणू गाळून) पांढरा केला, तर रंग जेमतेम हलला. गाईड म्हणाले, आधीचाच आकडा छाप.

रानवाटा: गाईडचा राग वेलीवर का? आमची आजी खोड ठेचून भिजवायची, कुस्करून गाळायची, वरचं पाणी ओतून तळाचा पांढरा गाळ वाळवायची, तेच सत्व. तापातून उठलेले आजोबा त्यावर आठवड्यात लावणीला उतरले.

पीएचडीग्रस्त: तो गाळ मुख्यतः स्टार्च. पॉलिसॅकराइडच म्हणा, साबुदाण्यासारखं! भाभा अणुसंशोधन केंद्रात ज्यावर काम झालं ते गुळवेलीतलं पॉलिसॅकराइड, जी१-४ए, पाण्यात विरघळतं, म्हणजे आजींनी ओतून दिलं. आणि ते कामही प्रतिकारशक्तीवर, थकव्यावर नव्हे.

कावीळवाला: सत्व राहू द्या. करोनात सोसायटीच्या ग्रुपवर वाचून मी तीन महिने काढा प्यायलो. डोळे हळदीसारखे! २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी असे ६ रुग्ण छापले, तर आयुष मंत्रालय त्यांच्यावरच उखडलं.

रानवाटा: झाड कोणतं होतं, हे विचारणं म्हणजे उखडणं? टिनोस्पोरा क्रिस्पा या गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या वेलीच्या खोडावर गाठी असतात, आपल्या गुळवेलीची साल कागदासारखी सुटते. ओळखता येत नसेल तर पिऊ नये.

कावीळवाला: माझी वेल दारच्या कडुलिंबावरची होती, साल सोलून मीच काढलेली. २०२२ मध्ये १३ केंद्रांतले असेच ४३ रुग्ण छापून आले, तेही सगळे आंधळे का?

मांजरमावशी: यकृताचं नंतर भांडा. थकवा मोजायला उंदराच्या शेपटीला वजन बांधून पाण्यात सोडतात, हे खरं?

पीएचडीग्रस्त: खरं. शरीराच्या ५ टक्के वजन. डोकं बुडून दहाएक सेकंद वर आलं नाही की दमला, बाहेर काढायचा. मग रक्तातलं लॅक्टेट (दमल्यावर वाढतं) आणि यकृतातलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) मोजायचं. वजन नसेल तर बेरकी उंदीर हातपाय न हलवता नुसता तरंगतो. आमच्याकडच्या एकाने अख्खी दुपार खाल्ली.

मांजरमावशी: शाब्बास त्या उंदराची.

रानवाटा: गाळ स्टार्च असेल, मान्य. यंदा वरचं पाणी आटवून बघते. फरक पडला तरी तुम्हाला सांगणार नाही, डीपीपीएचमध्ये टाकाल.