‘सनद’, ‘वकील’ आणि ‘न्यायमूर्ती’: कॅलिफोर्नियाच्या पहिल्या अल्पसंख्याक विधिज्ञांविषयी लिहिताना

कॅलिफोर्निया राज्यात अल्पसंख्याक समाजांतून आलेल्या पहिल्या वकिलांविषयी आणि न्यायाधीशांविषयी मराठीत लिहिण्याचे काम सध्या माझ्या हाती आहे. त्यात काही शब्दांवर अडलो. जे पर्याय मी निवडले ते कारणांसह मांडतो; जाणकारांनी तपासावेत.

पहिली अडचण हाँग येन चँग यांच्यापाशी आली. १८८६ साली कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतलेल्या या चिनी गृहस्थांना १८८८ मध्ये न्यूयॉर्क राज्यात वकिलीचा अधिकार मिळाला, पण १८९० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला. इंग्रजीतल्या ‘बार’ या शब्दामुळे अनेक जण येथे ‘वकील संघाचे सदस्यत्व नाकारले’ असे लिहितील. ते मला चुकीचे वाटते, कारण चँग यांना दाराबाहेर ठेवले ते न्यायालयाने, एखाद्या संघाने नव्हे. आपल्याकडचा ‘सनद’ हा शब्द येथे नेमका बसतो. सनद म्हणजे सत्तेने लेखी दिलेला अधिकार. ती मिळते, नाकारली जाते, रद्दही होते, आणि मराठीत वकिलांच्या तोंडी हा शब्द आजही रोजचा आहे.

सनद नाकारण्यामागचे कारणही एका शब्दाभोवतीच फिरते. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात वकिलीचा अधिकार ‘गोऱ्या पुरुष नागरिका’पुरता होता, १८७८ मध्ये ‘गोरा’ आणि ‘पुरुष’ ही विशेषणे गळली, पण नागरिकत्वाची अट उरली. चिनी माणसाला न्यायालयांनी नागरिकत्व देऊ नये, असे १८८२ च्या संघीय कायद्याने ठरवलेले होते, त्यामुळे चँग यांच्यापाशी न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दिलेले नागरिकत्वाचे प्रमाणपत्र असूनही ते ग्राह्य धरले गेले नाही. दोन विशेषणे काढल्याने दार उघडले असे वाटावे, आणि उरलेल्या नामानेच ते बंद करावे, हे वाचताना मी बराच वेळ त्या एका ओळीवर थांबलो होतो. नागरिकत्वाची अट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये रद्दबातल ठरवली. २०१४ मध्ये त्याच न्यायालयाने सर्हिओ गार्सिया यांना सनद दिली, तेव्हा त्यांच्यापाशी देशात राहण्याचा परवानाही नव्हता. त्यांच्यासाठी ‘बेकायदा स्थलांतरित’ न लिहिता ‘वास्तव्याची कागदपत्रे नसलेले’ असे मी लिहिले आहे.

चँग यांना सनद मिळाली ती २०१५ मध्ये, मृत्यूनंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी. ‘सनद परत दिली’ असे लिहिता येणार नाही, कारण कॅलिफोर्नियाची सनद त्यांच्या हाती कधी आलीच नव्हती. ‘बहाल केली’ या प्रयोगात पूर्ववत करणे आणि देणे अशा दोन्ही छटा असल्याने तोही टाळला. ‘मरणोत्तर सनद दिली’ एवढे साधे वाक्य पुरेसे आहे. मात्र त्यांना ‘कॅलिफोर्नियाचे पहिले चिनी वकील’ म्हणावे का? माझ्या मते नाही, कारण ‘पहिला’ या शब्दाला नेहमी दुसऱ्या शब्दाचा आधार लागतो: सनद मिळालेला पहिला, प्रत्यक्ष वकिली केलेला पहिला, की नेमणूक झालेला पहिला, हे सांगितल्याशिवाय तो शब्द वाचकाची दिशाभूल करतो.

‘न्यायाधीश’ आणि ‘न्यायमूर्ती’ यांत मात्र मराठीची सोय इंग्रजी मजकुराशी चांगली जुळली. उच्च न्यायालयापासून वर न्यायमूर्ती आणि त्याखाली न्यायाधीश, हा आपला संकेत. कॅलिफोर्नियातही खालच्या न्यायालयांत ‘जज’ आणि अपील न्यायालयापासून वर ‘जस्टिस’ असा भेद आहे. म्हणून जॉन आयसो हे जपानी वंशाचे गृहस्थ १९५३ मध्ये लॉस एंजेलिसच्या नगर न्यायालयात न्यायाधीश झाले आणि १९६८ मध्ये अपील न्यायालयात न्यायमूर्ती झाले, असे एका वाक्यात लिहिता आले. वायली मॅन्युएल १९७७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले, तेथेही शंका नाही.

‘अल्पसंख्याक’ या शब्दाविषयी मी अजून अस्वस्थ आहे. ‘अल्पसंख्यक’ की ‘अल्पसंख्याक’, हा वाद संस्कृत व्याकरणाने मिटवलेलाच आहे: दोन्ही रूपे शुद्ध आहेत आणि मराठीत दुसरे रुळले आहे. खरी अडचण अर्थाची आहे. मराठी वाचकाला या शब्दातून आधी धर्म आणि मग भाषा आठवते, तर तेथे वंश अभिप्रेत आहे. शिवाय क्रूझ रेनोसो १९८२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील पहिले लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे, न्यायमूर्ती झाले, आणि आज त्या राज्यात लॅटिनो हाच सर्वांत मोठा समूह आहे. संख्येने अल्प नसलेल्यांना हा शब्द कसा लावायचा? म्हणून शीर्षकात आणि प्रस्तावनेत ‘अल्पसंख्याक’ ठेवून पुढे प्रत्येक ठिकाणी समाजाचे नाव स्पष्ट लिहावे, असे मी ठरवले आहे.

ओघात एक नोंद. सनद हुकल्यावर चँग यांनी बँकेत काम केले आणि पुढे ते चीनच्या राजनैतिक सेवेत गेले. पेशवाईच्या कागदपत्रांत ‘वकील’ म्हणजे दुसऱ्या दरबारी पाठवलेला प्रतिनिधी, आणि ‘वकिलात’ या शब्दात तो अर्थ आजही शाबूत आहे. कॅलिफोर्नियाने ज्यांना वकील होऊ दिले नाही, ते मराठीच्या या जुन्या अर्थाने वकीलच झाले होते.