एकाच रुग्णाच्या सहा नोंदी, उत्तर फक्त ०/१: जीईई आणि मिश्र मॉडेलचे आकडे जुळत नाहीत

प्रश्न
६० रुग्ण, प्रत्येकाच्या ६ भेटी, एकूण ३६० ओळी. दर भेटीला लक्षण आहे (१) किंवा नाही (०). रुग्णांचे दोन गट आहेत आणि कुणाचाही गट मध्येच बदलत नाही. आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये तीन प्रकारे मॉडेल बसवलं. गटाचा सहगुणक (गटामुळे लक्षणाच्या लॉग-ऑड्समध्ये पडणारा फरक) आणि त्याची स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) अशी आली:

साधं लॉजिस्टिक: ०.७८, स्टँडर्ड एरर ०.२३
जीईई (एका रुग्णाच्या नोंदींमधला संबंध धरून लोकसंख्येची सरासरी काढणारी पद्धत), एक्स्चेंजेबल (कुठल्याही दोन भेटींमधला संबंध सारखाच): ०.७८, एरर ०.३९
जीएलएमईआर (आरमधलं मिश्र मॉडेल), रुग्णागणिक रँडम इंटरसेप्ट (प्रत्येक रुग्णाची स्वतःची मूळ पातळी): १.२०, एरर ०.६०, इंटरसेप्टचं स्टँडर्ड डेव्हिएशन २.०

पहिलं बाद, हे कळतं, कारण ते एकाच रुग्णाच्या नोंदी स्वतंत्र धरतं. पण उरलेल्या दोघांचे ऑड्स रेशो (एका गटातले लक्षणाचे ऑड्स दुसऱ्याच्या किती पट) २.१८ आणि ३.३२ आहेत. यातला अहवालात कोणता द्यायचा?

प्रतिसाद १
दोन्ही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. २.१८ हा सगळ्या लोकसंख्येच्या सरासरीवरचा रेशो, तर ३.३२ हा रँडम इंटरसेप्ट सारखाच असलेल्या दोन रुग्णांची तुलना. लॉजिस्टिक वक्र सरळ रेषा नसल्यामुळे वेगवेगळ्या उंचीवरच्या वक्रांची सरासरी काढली की मिळणारा वक्र चपटा होतो, म्हणून सरासरीचा सहगुणक शून्याकडे सरकतो.

किती सरकतो याचा ढोबळ हिशोब आहे: मिश्र मॉडेलच्या सहगुणकाला √(१ + ०.३४६σ²) ने भागा (σ म्हणजे इंटरसेप्टचं स्टँडर्ड डेव्हिएशन). तुमचा σ = २, म्हणजे भाजक √२.३८ = १.५४ आणि १.२० ÷ १.५४ = ०.७८. जीईईचाच आकडा! झेडही (सहगुणक ÷ एरर) दोन्हीकडे २.० आहे, म्हणजे पुरावा तेवढाच, फक्त मोजपट्टी वेगळी. धोरणासाठी किंवा दोन गटांच्या तुलनेसाठी जीईई द्या. एकेका रुग्णाबद्दल बोलायचं असेल तर मिश्र मॉडेल. मात्र ३.३२ लिहून त्याचा अर्थ सरासरीसारखा सांगू नका. सर्रास होणारी चूक हीच.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. आकड्यांवर विश्वास ठेवण्याआधी काही तपासण्या:

जीईईपॅक (आरमधलं जीईईचं पॅकेज) एका क्लस्टरच्या (इथे एका रुग्णाच्या) ओळी सलग आहेत असं धरून चालतं. डेटा भेटीनुसार लावलेला असेल तर प्रत्येक ओळ वेगळा क्लस्टर ठरते आणि तुम्हाला जवळपास साधं लॉजिस्टिकच मिळतं. आधी रुग्ण, मग भेट असा क्रम लावा. निकालात क्लस्टरची संख्या ६० दिसायला हवी.

एआर-१ (जवळच्या भेटींमधला संबंध जास्त धरणारी रचना) वापरणार असाल आणि मधली एखादी भेट चुकली असेल, तर भेटीचा क्रमांक वेव्ह्ज या पर्यायात द्या. नाहीतर दुसरी आणि चौथी भेट शेजारच्या समजल्या जातात.

६० क्लस्टर ठीक आहेत. ४० च्या खाली गेलात की सँडविच एरर (जीईई देते ती स्टँडर्ड एरर) खरोखरीपेक्षा लहान येते, तेव्हा मँकल-डेरुएन सुधारणा वापरा.

जीएलएमईआर मुळात लाप्लास (एकाच बिंदूवरचा अंदाजी हिशोब) वापरतं. दर रुग्णाला ६ च नोंदी, त्यात σ मोठा, अशा वेळी ते डळमळतं. एनएजीक्यू (हिशोबाच्या बिंदूंची संख्या) १ वरून १० आणि मग २५ करून पाहा (हे फक्त एकच रँडम इंटरसेप्ट असेल तेव्हाच चालतं). σ किंवा सहगुणक हलला तर मोठ्या एनएजीक्यूचा आकडा घ्या. σ ८-१० वर गेला तर बरेच रुग्ण सहाही वेळा ० किंवा सहाही वेळा १ आहेत का, ते मोजा; असतील तर नॉर्मल इंटरसेप्टचं गृहीतकच लंगडं आहे.

प्रश्नकर्ता
आभार. ओळी भेटीनुसार तर लावलेल्या नाहीत ना, ते पाहतो. एक शंका: रँडम इंटरसेप्टऐवजी प्रत्येक रुग्णाचा डमी (त्या रुग्णासाठी १, बाकीच्यांसाठी ०) टाकला तर?

प्रतिसाद १
नको. गट रुग्णात बदलत नाही, त्यामुळे डमी टाकताच त्याचा परिणाम वेगळा काढताच येत नाही. बदलणारा घटक असला तरी सहगुणक फुगतो. दर रुग्णाला फक्त दोन नोंदी असतील तर थेट दुप्पट होतो. तिथे कंडिशनल लॉजिस्टिक (फक्त एकाच रुग्णाच्या आतले फरक पाहणारं) लागतं आणि त्यात सगळे ० किंवा सगळे १ असलेले रुग्ण आपोआप गळतात.

प्रतिसाद २
भेटी चुकलेले रुग्ण किती? गळती आधीच्या लक्षणावर अवलंबून असेल तर साधं जीईई पक्षपाती होतं, त्याला वजनं द्यावी लागतात. मिश्र मॉडेल नीट मांडलेलं असेल तर ते अशी गळती सांभाळून घेतं.