चार झाडं आणि बाटल्यांची फळी: पानांवरून खत द्यावं का?

ओंटारिओकर

वाद व्हावा म्हणूनच लिहितोय, तेव्हा मोकळेपणाने तुटून पडा.

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजाची चार झाडं लावता येतात. माणशी नव्हे, घरटी चार, आणि प्रांताचे नियम वेगळे (क्वेबेकमध्ये तर घरी लावायला बंदीच आहे). ओळखीतल्या ज्या मराठी घरांनी हा उद्योग केलाय त्यांच्या गॅरेजात डोकावलं की एक अख्खी फळी बाटल्यांनी भरलेली दिसते. वाढीचं 'ग्रो', फुलोऱ्याचं 'ब्लूम', कॅल-मॅग (कॅल्शियम-मॅग्नेशियम), ह्युमिक आम्ल, समुद्री शेवाळाचा अर्क, आणि टोकाला फुलं घट्ट करणारं काहीतरी चकचकीत. शेजारी फवारा. संध्याकाळ झाली की हे निघाले पानं भिजवायला.

माझं म्हणणं साधं आहे. पानांवरून झाड पोसता येत नाही. हिशेब करून बघा. लिटरला २ ग्रॅम युरिया घातला तर त्यात नत्र (नायट्रोजन) साधारण ०.९ ग्रॅम. एक झाड नीट भिजवायला पाव लिटर पाणी लागतं, म्हणजे पानांवर पडलं ०.२३ ग्रॅम, आणि त्यातलंही बरंच ओघळून जातं. परसातल्या मध्यम झाडाचं वाळलेलं वजन ३०० ग्रॅम धरा, त्यात ३ टक्के नत्र, म्हणजे गरज ९ ग्रॅमची. थेंबन्‌थेंब आत गेला तरी चाळीसेक फवारण्या! तेवढंच नत्र मूठभर चांगल्या खतातून मुळाशी जातं.

पानाची घडणच मुळी पाणी आत राखण्यासाठी असते. वर मेणाचा थर, आणि पर्णरंध्रं बहुतेक खालच्या बाजूला. आपण मात्र वरून फवारून समाधानी होतो.

आणि फुलोरा दिसला की फवारा कपाटात गेला पाहिजे. हे फूल कोणी धुऊन खात नाही. चिकट फुलात जे अडकलं ते जळून थेट छातीत जातं. शिवाय ऑक्टोबरच्या ओल्या हवेत भिजलेलं फूल म्हणजे करड्या बुरशीला आमंत्रण.

गोडीछाटणी

शेवटच्या परिच्छेदाशी भांडण नाही. बाकीच्याशी आहे.

मी निफाडकडचा, आमची द्राक्षं. पानांवरून पोसता येत नाही असं आमच्याकडे म्हणालात तर कृषी सेवा केंद्रातला पोऱ्यासुद्धा हसेल. तुम्ही नत्राचा हिशेब केलात कारण तो तुमच्या सोयीचा होता. आता लोहाचा करा. ३०० ग्रॅम वाळलेल्या झाडाला १०० पीपीएमने (किलोला १०० मिलिग्रॅम) ३० मिलिग्रॅम लोह लागतं. लिटरला अर्धा ग्रॅम फेरस सल्फेट म्हणजे १०० मिलिग्रॅम लोह, आणि तुमच्याच पाव लिटरात २५ मिलिग्रॅम. एका फवारणीत जवळजवळ अख्ख्या हंगामाचं! जस्त, बोरॉन यांचंही तेच. मुख्य अन्नद्रव्यं मुळाशी आणि सूक्ष्म पानावर, हे आमच्याकडे वडीलधारे कागदपेन्सिल न घेता सांगतात.

आमची जमीन चुनखडीची. सामू (पीएच) आठच्या वर. लोह जमिनीत भरपूर असतं, पण मुळाला मिळत नाही. ओतत बसा किती ओतायचं ते. शेंडा पिवळा पडला की फवारणीच कामाला येते. फरक एवढाच की आम्ही आधी देठ परीक्षण करतो (पानाच्या देठात कोणतं अन्नद्रव्य किती ते तपासतो), मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राने ते रुजवलंय. न तपासता फवारणारा आमच्याकडेही मूर्खच ठरतो.

ओंटारिओकर

@गोडीछाटणी, हिशेब मान्य. पण दोन मुद्दे. एक, तुमची वेल चुनखडीत उभी आहे, तिला उचलून दुसरीकडे नेता येत नाही. कुंडीतल्या माणसाला माती बदलता येते, पाण्याचा सामू ६ च्या आसपास आणता येतो. मूळ कारण हातात असताना वरून मलमपट्टी कशाला? दोन, लोह पानातून पुढे फारसं सरकत नाही. फवारलेलं पान हिरवं होतं आणि आठवड्याने आलेला नवा शेंडा पुन्हा पिवळाच.

गोडीछाटणी

म्हणून तर पुन्हा फवारायचं. शेतकऱ्याला दुसरं काम काय!

श्टुटगार्टचा_तंबू

इथे जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला तीन झाडं. परसबाग कुठली, आमचं सगळं कपाटाएवढ्या तंबूत, एलईडीखाली. तुमचे दोघांचेही हिशेब उघड्या हवेतले आहेत.

कॅल्शियम फक्त पाण्याच्या ओढीबरोबर वर चढतं. तंबूत दमट हवा, पानं घाम गाळत नाहीत, ओढ मंद. मुळाशी कॅल्शियम ढीगभर असूनही नवीन पानांच्या कडा करपतात. मग कॅल्शियम नायट्रेट फवारायचं नाही तर करायचं काय? शाकीय वाढीच्या (फुलोऱ्याआधीच्या) काळात मी करतो आणि फरक दिसतो.

ओंटारिओकर

पंखा लावा. गंमत नाही करत. हवा खेळली की पान पाणी ओढतं आणि कॅल्शियम आपोआप येतं. फवारलेलं कॅल्शियम जिथे पडलं तिथेच बसतं, अजून न उमललेल्या पानाला त्याचा उपयोग शून्य. आणि कोंदट तंबूत रोज पानं ओली केलीत तर बुरशी ठरलेली.

श्टुटगार्टचा_तंबू

पंखे दोन आहेत हो. पण वीजबिलही आहे.

जीवामृतवाली

बाटल्यांवर टीका अगदी योग्य, पण तुम्ही सगळे क्षारांच्याच भाषेत बोलताय. मी जीवामृत गाळून विरळ करून पानांवर मारते, अधूनमधून शेवाळाचा अर्क. पानांना तकाकी येते, कीड कमी. सगळंच पीपीएममध्ये मोजता येत नाही.

देवगडचा

ताई, टोमॅटोवर मारा, वांग्यावर मारा. पण जे फूल धुरातून छातीत जाणार त्यावर शेण-गोमूत्राचं पाणी? परवानाधारक उत्पादकांना माल जंतू आणि बुरशीसाठी तपासून घ्यावा लागतो, घरच्या मालाला विचारणारं कोणी नाही. शेवाळाच्या अर्काला माझी हरकत नाही. नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावरचं अ‍ॅस्कोफायलम असतं बहुतेक, थोडं पालाश (पोटॅशियम), थोडी संप्रेरकं. मुळाशी ओता.

मला बोलायचंय ते त्या टोकाच्या चकचकीत बाटलीबद्दल, जिला मूळ पोस्टमध्ये एकाच ओळीत उरकलंय. आम्ही हापूसवाले, आम्हाला कल्टार नवं नाही. पॅक्लोब्युट्राझोल. पावसाळ्यात खोडाभोवती ओततात, पालवीचा जोर दबतो आणि मोहोर येतो. तेच रसायन फुलं घट्ट करणाऱ्या बाटल्यांत निघालं होतं, लेबलवर नाव न छापता. कॅलिफोर्नियाच्या कृषी खात्याने २०११ मध्ये अशी काही उत्पादनं विक्रीतून काढायला लावली. काहींत डॅमिनोझाइडही होतं, म्हणजे अलार हे वाढ रोखणारं रसायन, ज्याचा खाण्याच्या पिकांवरचा वापर अमेरिकेत १९८९ मध्येच थांबला. आंब्यात कल्टार खोडाशी पडतं आणि फळ महिन्यांनी येतं. इथे फुलावर फवारून काही आठवड्यांत ओढायचं? पानावरून खत हा वाद नंतर घाला. आधी बाटलीवर घटक लिहिलेत का ते वाचा, नसतील तर फेका.

गोडीछाटणी

@देवगडचा, एकदम बरोबर, आणि त्यात भर. भुरीवर (पानांवरच्या पांढऱ्या बुरशीवर) आम्ही वर्षानुवर्षं मायक्लोब्युटॅनिल हे बुरशीनाशक मारलंय. द्राक्ष खाणाऱ्यासाठी त्याची मर्यादा आणि काढणीपूर्व काळ ठरलेला असतो. पण ते तापवलं की हायड्रोजन सायनाइड सुटतो. कॅनडात २०१६-१७ मध्ये परवानाधारकांच्या गांजात ते सापडून माल परत मागवावा लागला होता. गावाकडून कोणी 'भुरीला हे मार' म्हणून नाव पाठवलं तर ते द्राक्षाचं ज्ञान द्राक्षापुरतंच ठेवा. हे द्राक्षवालाच सांगतोय.

बिनकामाचा_वकील

मधेच एक. हे वाचून गावी कुंडी भरायला घेऊ नका. भारतात १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली गांजाच्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड आहे. झाड एक की चार, कायदा विचारत नाही. चालू द्या.

श्टुटगार्टचा_तंबू

'ब्लूम' बाटल्यांचं काय? फुलोऱ्यात स्फुरद (फॉस्फरस) वाढवायचं हे तर सगळेच सांगतात. गावाकडे ०:५२:३४ (नत्र शून्य, स्फुरद ५२, पालाश ३४ टक्के) तेच ना?

ओंटारिओकर

सगळे सांगतात, कारण विकणारे सांगतात. युटा स्टेट विद्यापीठाने २०२२ मध्ये प्रयोग छापला: मुळाशी लिटरला ३० मिलिग्रॅम स्फुरद दिलं काय आणि ९० दिलं काय, उत्पन्न वाढलं नाही, प्रतही सुधारली नाही. जादा स्फुरद निचऱ्याच्या पाण्यातून वाहून गेलं. म्हणजे ब्लूमच्या नावाने आपण गटाराला खत घालतोय.

गोडीछाटणी

तो प्रयोग मुळाशी देण्याचा आहे, पानावरचा नाही. तुमच्या बाजूचा पुरावा म्हणून दोन्हीकडे वापरू नका. (निष्कर्ष मला पटतो, ते वेगळं.)

किचनरची_कुंडी

तुमचं भांडण चालू असताना माझं झाड वाचवा कोणीतरी. कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) आहे. खालची पानं पिवळी, शिरा हिरव्या. वरचा शेंडा ठीक. फुलोरा अजून नाही, पण आठ-दहा दिवसांत धरेल असं वाटतं. दुकानदाराने कॅल-मॅगची महागडी बाटली दिलीय, पानांवर मार म्हणाला. मारू?

ओंटारिओकर

जुनी पानं आधी गेली म्हणजे मॅग्नेशियम, ते झाडात फिरतं, म्हणून जुन्याकडून काढून नव्याला दिलं जातं. कोकोपीट कॅल्शियम आणि मॅग्नेशियम स्वतःकडे धरून ठेवतं, आधी नीट भिजवून घेतलेलं नसेल तर जास्तच. एप्सम सॉल्टची (मॅग्नेशियम सल्फेट) आळवणी करा, म्हणजे पाण्यात विरघळवून मुळाशी ओता, लिटरला एक ग्रॅम. फवारू नका.

गोडीछाटणी

फवारा! मॅग्नेशियम फिरतं हे तुम्हीच सांगितलंत, मग पानावरून गेलेलंही फिरेलच की. लिटरला ५ ग्रॅम एप्सम, पानाच्या खालून, संध्याकाळी, एकदा आता आणि एकदा चार दिवसांनी. फुलोरा धरण्याआधी थांबा. आळवणीही करा. दोन्ही केल्याने कोणाचं नाक कापलं जात नाही.

ओंटारिओकर

एक मिनिट. किचनर? तिथलं पाणी बहुतेक विहिरींचं आणि चांगलंच जड असतं. जड म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम आहेच. मग कमतरता आली कुठून? घरात सॉफ्टनर (जड पाणी मऊ करणारं यंत्र) आहे का?

किचनरची_कुंडी

आहे. तळघरात. दर महिन्याला मिठाची गोणी ओततो त्यात.

देवगडचा

घ्या! म्हणजे मॅग्नेशियम काढून सोडियम घातलेलं पाणी झाड पितंय.

ओंटारिओकर

आणि कोकोपीट ते सोडियमही धरून ठेवणार. बऱ्याच घरांत बाहेरच्या बागेचा नळ सॉफ्टनरच्या आधीच्या पाइपावर असतो. बघून घ्या. असेल तर त्या पाण्याने कुंडी दोन-तीनदा भरपूर धुऊन काढा, खालून वाहू द्या, मग एप्समची आळवणी आणि नेहमीचं खत. पिवळी झालेली पानं हिरवी होतील याची वाट बघू नका, नवी कशी येतात ते बघा.

गोडीछाटणी

आणि एक फवारणी.

ओंटारिओकर

बरं, एक.

किचनरची_कुंडी

बाहेरचा नळ थेट मीटरवरूनच येतोय, आत्ता पाइप शोधून आलो. बाटलीचं सील तोडलं नव्हतं, उद्या परत करतो.