स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासात घरच्या म्हाताऱ्यांची नावं द्यायची की नाही?

गिरणाकाठ:
कालच्या पोस्टमध्ये लिहिलंय, "विसरभोळ्या म्हाताऱ्यांना संशोधनात घालणं म्हणजे त्यांचे उंदीर करणं, कुठंही अंगठा देऊ नका." हे वाचून जळगाव-धुळ्याकडची माणसं मागे फिरतील, म्हणून सविस्तर उत्तर देतोय. पुष्कळ अभ्यासांत औषध नसतंच. प्रश्नोत्तरं, थोडं रक्त, कधी एमआरआय, आणि सांभाळणाऱ्या माणसाशी बोलणं. औषधाची चाचणी असेल तर २००९ पासून सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंद सक्तीची आहे. माहितीपत्रक घरी आणा, नोंदणी क्रमांक टाकून बघा, अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीला फोन लावा. क्रमांक मिळाला नाही तर तिथून उठा. अंगठा द्यायचा असेल तर साक्षीदार अभ्यासाशी संबंध नसलेला हवा. त्याच टीमच्या नर्सची सही चालत नाही. आणि मधेच बाहेर पडलं म्हणून नेहमीचे उपचार कुणी थांबवू शकत नाही.

सातपुडा_शहादा:
कागदावर सगळं छान दिसतं. अल्झायमरवरच्या लेकानेमॅब या औषधाची चाचणी बघा. १,७९५ लोक, १८ महिने, दर पंधरवड्याला शिरेतून औषध. फायदा? आजार किती वाढला ते मोजणाऱ्या १८ गुणांच्या मोजपट्टीवर ०.४५ नं कमी घसरण. आणि औषध मिळालेल्यांपैकी १२.६ टक्के लोकांत मेंदूला सूज. ती वेळेत पकडायला एमआरआय ठरलेल्या वेळीच व्हावा लागतो. पावसाळ्यात सातपुड्यातल्या धडगावचा माणूस तिथवर पोचणार कसा? 'उंदीर' शब्द कडू असेल, भीती खोटी नाही.

गिरणाकाठ:
आकडे बरोबर आहेत, पण अर्धे सांगितलेत. सूज आलेल्यांपैकी बहुतेकांना काही जाणवलं नव्हतं, ती एमआरआयमध्येच दिसली. अंतराचा मुद्दा मान्य करावाच लागेल: अशा चाचणीत धडगावचं घर घालू नये. म्हणून घरी येऊन प्रश्न विचारणाऱ्यालाही दार बंद करायचं?

दादरभाकर:
तुम्ही औषधावर भांडताय, इथं प्रश्नच चुकीचे आहेत त्याचं काय? आठवण तपासायची एमएमएसई नावाची प्रश्नावली असते, तिचे गुण ३०. शंभरातून सात-सात वजा करा, ५ गुण. वाचून तसं करा १, वाक्य लिहा १, पंचकोन काढा १. शाळा न पाहिलेल्या बाईचे ८ गेले, उरले २२. आणि २४ च्या खाली गेलं की संशय! बाकी सगळं बिनचूक सांगूनही ती आजारी. तारीख विचारतात, तिला आखाजी (अक्षय्य तृतीया) किती दिवसांवर आली ते विचारा, लगेच सांगेल. वर विचारणारा पुस्तकी मराठीत बोलतो. 'आज कोनता वार शे' असं अहिराणीत विचारायला काय जातं?

केळीबाग_रावेर:
खानदेश म्हणजे फक्त अहिराणी का? आमच्याकडे लेवा गणबोली, चोपड्याच्या वर पावरी. तुमचं 'शे' आमच्या म्हाताऱ्यांनाही परकंच. दर चर्चेत हेच चालतं.

दादरभाकर:
मग पुस्तकी मराठीच चालू द्यायची? बोलीचा मान कुणी मागितला नाहीये. म्हातारीला प्रश्नच कळला नाही तर तिची आठवण मोजली कशी जाणार, एवढंच सांगा.

केळीबाग_रावेर:
तेच मीही म्हणतोय, फक्त तुमच्या एका बोलीवर थांबू नका.

गिरणाकाठ:
यावर उपाय झालेला आहे. हरियाणातल्या बल्लभगडला न शिकलेल्या खेडुतांसाठी हिंदी चाचणी नव्यानं बसवली, १९९५ ला छापून आली. नुसतं भाषांतर केलं नाही, प्रश्नच बदलले. त्यासाठी धडधाकट म्हातारी माणसं लागली. आठवण शाबूत असलेली, न शिकलेली माणसं किती गुण मिळवतात हे कळल्याशिवाय आजाराचा आकडा ठरतच नाही. अहिराणी, लेवा, पावरी, तिन्हींकडची माणसं बसली तरच हे होईल. 'नाव देऊ नका' म्हणालात तर तो पंचकोन कायम राहणार.

सातपुडा_शहादा:
बरं, इथं तुमचं खरं आहे. पण गुण कमी आले की गावभर 'म्हाताऱ्याचं डोकं गेलं' होतं. निकाल कुणाला सांगणार हे आधी लेखी घ्या. आणि बी-१२, थायरॉइड, कानातला मळ, उदासी हे तपासल्याशिवाय कुणाला स्मृतिभ्रंशाच्या यादीत टाकू देऊ नका. यातलं बरंच उपचारानं सुधारतं.

पारोळ्याची_लेक:
इतकं लिहिलंत, सांभाळणाऱ्या बाईवर कुणी आलाच नाही. सही पुण्यातला मुलगा करतो. रोज अंघोळ घालते सून, रात्री दाराला कडी लावून जागते सून. माहिती देणारी म्हणून तिचंच नाव लागलं पाहिजे. फोनवर विचारपूस करणाऱ्याला रात्रीचं भटकणं कसं ठाऊक असणार? सांभाळणाऱ्यावरचा भार मोजायला झॅरिटचे २२ प्रश्न असतात, गुण ० ते ८८. 'त्यांचा राग येतो का', 'आपलं आयुष्य हातून गेलं असं वाटतं का', असले. नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर विचारलं की प्रत्येकाला उत्तर 'कधीच नाही'. मग कागदावर कुणालाच त्रास नसतो आणि मदतही येत नाही. वेगळी खोली आणि विचारणारी बाई, ही अट आधी घाला. गोव्यात ८१ कुटुंबांचा अभ्यास झाला, २००८ मध्ये छापला. गावातल्याच शिकवून तयार केलेल्या माणसांनी घरी जाऊन मदत केली, तर सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण कमी झाला. तुलनेसाठी ज्या कुटुंबांना आधी थांबवलं होतं त्यांनाही सहा महिन्यांनी तीच मदत मिळाली. त्यांना उंदीर म्हणायचं का?

सातपुडा_शहादा:
नाही. वेगळ्या खोलीची अट लेखी असेल तर असल्या अभ्यासाला माझा विरोध नाही. जिथं दर पंधरवड्याला डोंगर उतरावा लागतो, त्या औषधाच्या चाचणीला आहे आणि राहील.