कॉग्निटिव्ह फंक्शनला मराठीत काय म्हणावं? (संदर्भ : एचआयव्हीबाधित मुलांचे एमआरआय)

विचारणा : दक्षिण आफ्रिकेतल्या ‘चेर’ या औषधोपचाराच्या चाचणीबद्दल पालकांसाठी एक पान लिहितेय. 6 ते 12 आठवड्यांच्या बाधित बाळांना लगेच औषधं सुरू केली, तर मृत्यू 76 टक्क्यांनी घटतात, हे त्यातून 2008 साली पुढे आलं. पुढे केपटाऊनच्या गटातल्या मुलांच्या मेंदूचे एमआरआयही झाले. तिथे ‘कॉग्निटिव्ह फंक्शन’ला ‘बौद्धिक क्षमता’ चालेल का? आणि ‘व्हाइट मॅटर’मधल्या बदलांना ‘मेंदूला इजा’?

प्रतिसाद १ : ‘बौद्धिक’ नको. लोक लगेच हुशार की ढ यावर येतात. मानसशास्त्राच्या पुस्तकांत ‘बोधनिक’ असतं, पण ते पालकांसाठी जड आहे. ‘संज्ञानात्मक’ तर हिंदी बातम्यांतून आलेलं. आपल्याकडे कोर्टच काय ते ‘संज्ञान’ घेतं! सरळ ‘लक्ष, आठवण, आकलन’ लिहा. चाचण्यांत तेच तर बघतात : ठोकळे रचणं, ऐकलेले आकडे त्याच क्रमाने परत सांगणं.

प्रतिसाद २ : ‘इजा’ला माझा सक्त विरोध. केपटाऊनच्या एका अभ्यासात साधारण अडीच वर्षांच्या 44 मुलांपैकी 22 जणांच्या एमआरआयमध्ये श्वेतद्रव्यात (व्हाइट मॅटरमध्ये) वेगळे ठिपके दिसले, बहुतेक कपाळामागच्या भागात. पण ठिपके असलेल्या आणि नसलेल्या मुलांच्या विकासचाचणीच्या गुणांत फरक आढळला नाही. आता ‘इजा’ वाचून कुठली आई रात्री झोपेल? ‘एमआरआयमध्ये दिसणारे बदल’ म्हणा. रिपोर्टवर बोलताना डॉक्टरही तसंच म्हणतात.

प्रतिसाद १ : श्वेतद्रव्य म्हणजे काय तेही एका ओळीत सांगा : मज्जातंतूंभोवतीच्या मायलिन या स्निग्ध वेष्टणामुळे पांढुरका दिसणारा भाग. आणि ‘विषाणू मेंदूच्या पेशी खातो’ असलं काही लिहू नका. तो मुख्यतः तिथल्या रोगप्रतिकारक पेशींत शिरतो. त्यातून दाह होतो आणि त्याची झळ चेतापेशींना बसते.

विचारणा : पटलं. अजून एक. तुलनेच्या गटात अशी मुलं आहेत ज्यांच्या आईला एचआयव्ही आहे, पण त्यांना स्वतःला नाही. ‘संपर्कित अबाधित’ लिहिलंय.

प्रतिसाद २ : अहो, ‘संपर्कित’ ऐकलं की करोनातला घरावर चिकटवलेला कागद आठवतो. आत्ता विचारलंत तसंच लिहा की, ‘आईला एचआयव्ही आहे, पण मुलाला बाधा नाही’. चार शब्द जास्त गेले तरी चालतील. तक्त्याच्या मथळ्यात जागा नसेल तर ‘बाधा न झालेली मुलं’ आणि खाली टीप.