दर हंगामाला कोंबडी खत टाकूनही सेंद्रिय कर्ब वाढत नाही, माती बिघडतेय का?

वाफसा
नमस्कार मंडळी. भाजीपाल्याच्या रानात सलग काही हंगाम अंड्यांच्या कोंबड्यांचं खत हेक्टरी ५ टनांनी जातंय. शेणखत अजिबात नाही. माती परीक्षणाचे आकडे असे: सामू (पीएच) ८.२, ईसी (क्षारांचं माप) ०.९, सेंद्रिय कर्ब ०.४५ टक्के, उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस, ऑल्सेन पद्धतीने) हेक्टरी ६२ किलो. शेंड्याची पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. खत बंद करावं, की प्रमाण चुकतंय? आणि ताजं टाकलं तर चालतं का?

मृदामित्र
प्रमाण चुकतंय. तुम्ही नत्राच्या (नायट्रोजनच्या) हिशोबाने खत टाकताय आणि स्फुरद साचत चाललाय.

गणित बघा. भुसा मिसळलेल्या कोंबडी खतात साधारण ३ टक्के नत्र आणि २.५ टक्के स्फुरद धरा (तुमच्या ढिगाचं पृथक्करण वेगळं येईल, ते करून घ्याच). म्हणजे टनाला ३० किलो नत्र. त्यातलं पहिल्या हंगामात पिकाला ६० टक्क्यांच्या आसपास मिळतं, म्हणजे १८ किलो. पिकाला हेक्टरी १०० किलो नत्र द्यायचं तर साडेपाच टन खत लागेल, आणि त्याबरोबर जवळपास १४० किलो स्फुरद रानात जाईल. पिकाची गरज ५० किलोची. उरलेला तिथेच राहतो, कारण स्फुरद नत्रासारखा उडून जात नाही आणि सहसा खालीही झिरपत नाही. मोठ्या पावसात वरच्या थरातली माती वाहते, तेव्हा तो ओढ्यात-तळ्यात जातो आणि पाण्यावर शेवाळ माजतं.

म्हणून मात्रा स्फुरदावर बसवा: २ टन खत, नत्राची तूट दुसरीकडून. पण तुमचा आकडा आधीच जास्त आहे, तेव्हा दोन-तीन हंगाम हे खत थांबवा, डीएपी आणि सुपर फॉस्फेटही नको. मधल्या काळात ताग किंवा धैंचा फुलोऱ्यावर येण्याआधी गाडा. नत्रही मिळेल, कर्बालाही हातभार लागेल.

काडीकचरा
कर्बाचं कारण वेगळं आहे. कोंबडीच्या विष्ठेत कर्ब-नत्र गुणोत्तर १० च्या आसपास असतं. जिवाणू ती झपाट्याने फस्त करतात, म्हणून पीक लगेच हिरवंगार दिसतं. पण जमिनीत टिकून राहील असा चिवट भाग त्यात थोडाच. शेणखतात आणि काडीकचऱ्याच्या कंपोस्टमध्ये तो जास्त असतो. मातीचे कण धरून ठेवायला, भुसभुशीतपणा यायला तोच लागतो. नुसत्या कोंबडी खतावर कर्ब वाढेल ही अपेक्षाच सोडा.

ताजं टाकू नका. विष्ठेतल्या युरिक आम्लाचं आधी युरिया, मग अमोनिया होतो. बी किंवा रोपाच्या मुळाशी तो आला की मूळ करपतं, क्षारांचा मार वेगळाच. शिवाय साल्मोनेलासारखे जंतू असतात. मातीला टेकणारा भाग खायचा असेल (पालेभाजी, गाजर, मुळा) तर ताजं खत आणि काढणी यांत किमान १२० दिवस हवेत.

कुजवताना एक थर खत, त्यावर दुप्पट जाडीचा थर वाळलेला पाचट किंवा भुस्सा, असा दीड मीटर उंचीपर्यंत ढीग लावा. मूठ आवळल्यावर बोटांच्या फटीत पाणी चमकावं, धार लागू नये. आतलं तापमान ५५ ते ६५ अंशांवर जाऊन निदान तीन दिवस टिकलं पाहिजे. उतरू लागलं की पालथा घाला, बाहेरचा भाग आत गेला पाहिजे. डोळ्यांना झोंबणारा वास आला तर नत्र हवेत चाललंय: काडी वाढवा. चुना मात्र कधीच मिसळू नका, अमोनिया जास्त सुटतो.

वाफसा
धन्यवाद. मग पिवळेपणा जस्ताच्या कमतरतेचा का? स्फुरद वाढला की जस्त लागू होत नाही असं ऐकलंय.

मृदामित्र
ते खरं आहे, पण इथे घाई करू नका. कोंबड्यांच्या खाद्यातून जस्त आणि तांबं या खतात येतंच, त्यामुळे अशा रानात जस्त बऱ्याचदा पुरेसं निघतं. शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या ही खूण लोहाची. अंड्यांच्या कोंबड्यांना कवचासाठी चुनखडी चारतात, ती विष्ठेतून रानात येते. आम्ल जमिनीला ती औषध ठरते, पण ८.२ सामूच्या जमिनीत लोह आणखी अडकवते. पाणी साचलं तर हा पिवळेपणा अजून वाढतो.

डीटीपीए चाचणी (पिकाला मिळू शकणारं लोह-जस्त मोजणारी) करा. लोह ४.५ आणि जस्त ०.६ पीपीएमच्या (दहा लाखांत भाग) खाली असेल तरच ते जमिनीतून द्या. तोवर ०.५ टक्के फेरस सल्फेट (१०० लिटरला ५०० ग्रॅम) आणि ०.१ टक्के सायट्रिक आम्ल, ताजं द्रावण करून संध्याकाळी फवारा. हेच फेरस सल्फेट नुसतं जमिनीत टाकलं तर या सामूला अडकून वाया जातं. जमिनीतूनच द्यायचं तर ईडीडीएचए चिलेट (लोह विरघळलेलं ठेवणारं संयुग) वापरा, ईडीटीए या सामूला टिकत नाही.

काडीकचरा
ढीग तयार झालाय का हे रंगावरून ठरवू नका. पालथा घालून पाणी मारल्यावरही तो पुन्हा तापला नाही तर झाला. खात्रीसाठी १ भाग खत १० भाग पाण्यात ढवळून गाळा, त्यात मेथीचं बी भिजवा, शेजारी साध्या पाण्यातलं ठेवा. मुळं आखूड किंवा तपकिरी निघाली तर अजून महिनाभर थांबा. रानात पसरलं की त्याच दिवशी कुळवाची पाळी द्या. कुजलेल्या खतातूनही उन्हावाऱ्यात नत्र उडतं.