स्प्लेंडरचं ऑइल कांडीला लागतच नाही, टॉपअप करू का?

सातपूरवाला:
मंडळी स्प्लेंडर प्लस आहे, सातपूर ते सिन्नर रोज अपडाउन. काल ऑइल बघितलं तर डिपस्टिक (ऑइल मोजायची कांडी) कोरडीच, आणि शेजारच्या पोराने परत बघितलं तर चांगलं अर्ध्यापर्यंत! खरं कुठलं धरायचं? धूर नाही, खाली डाग पण नाही. थोडं वरून ओतू का सरळ चेंज करू? घरी जमतं का? बाबांच्या कारचं उरलेलं ऑइल पडलंय, चालेल?

कॉलेजरोड_राइडर:
थांब भावा, काही ओतू नको. गाडी साइड स्टँडला होती ना? कांडी उजवीकडे, गाडी कलते डावीकडे, ऑइल तिकडे सरकतं मग कांडी कोरडी येणारच. असं बघून लोक ओतत बसतात आणि मग एअर फिल्टरमध्ये ऑइल येतं. सपाट जागी डबल स्टँडला लाव, दोन-तीन मिनिटं चालू ठेव, बंद करून तेवढंच थांब म्हणजे वरचं ऑइल खाली उतरतं. कांडी पुसून नुसती टेकव, आटे फिरवू नको. फिरवली की खोल जाते नि ऑइल जास्त दिसतं, शेजाऱ्याने तेच केलं असणार. दोन खुणांच्या मध्ये असलं की झालं.

अंबडचे काका:
कारचं ऑइल बाबांनाच राहू दे. बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करायचं काहीतरी घातलेलं असतं, त्याने क्लचच्या प्लेटा घसरतात. मग मोहदरी घाटात अ‍ॅक्सिलेटर पिळत बसशील आणि गाडी ओढणार नाही. बाटलीवर १०डब्ल्यू-३० (ऑइलच्या दाटपणाचा ग्रेड) आणि जासो एमए (असा ऑइलमधला क्लच असलेल्या बाइकसाठीचा शिक्का) बघूनच घे. काळं झालं म्हणून घाबरू नको, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. दुधाच्या चहासारखं दिसलं तर मात्र पाणी शिरलंय, तेव्हा गॅरेज गाठ.

पंचवटीकर:
चेंज घरी आरामात होतं. इंजिन कोमट पाहिजे, तापलेलं नको, चटका बसतो. खाली जुनं घमेलं, १७ चा पाना, इंजिनच्या खालचा ड्रेन नट (ऑइल सोडायचा) काढ, वरची कांडीही काढून ठेव म्हणजे पटकन उतरतं. नट परत लावताना आधी बोटांनीच आटे बसव मग पाना, जोर लावू नको, इंजिनची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची असते, आटे गेले की नटाच्या पन्नासपट खर्च. वॉशर नवीन टाक. ९०० मिलीची बाटली घे, सगळी एकदम ओतू नको, शेवटचं बघत बघत. आणि जुनं ऑइल गटारीत सोडू नको रे, सातपूरचं गटार नासर्डीत आणि नासर्डी गोदावरीत. कॅनमध्ये भरून गॅरेजला दे, त्यांच्याकडे ड्रम असतो.

सातपूरवाला:
डबल स्टँडला बघितलं, खालच्या खुणेच्या जरासं वर आहे. रविवारी चेंजच करतो. काका, कारचं ऑइल चेनला लावलं तर?

अंबडचे काका:
चेनला चालेल, पण थेंब थेंबच लाव, जास्तीचं पुसून काढ, नाहीतर सगळं मागच्या चाकावर उडेल.